एकोणतीस नंबरची खाट

भोईवाड्यात आमच्या चाळीचा पत्ता सांगायची एक सोपी रीत होती. कोर्टाकडून सरळ या, देऊळ मागे टाका आणि वर बघत चला. तिसऱ्या मजल्यावर जी खिडकी सताड उघडी दिसेल, तिच्या शेजारची खोली आमची. पाहुणे म्हणायचे, उघडी खिडकी काय एकच असते का? आम्ही म्हणायचो, तुम्ही या तर खरे. आणि ते बरोबर यायचे. जानेवारीतल्या पहाटे, जुलैतल्या आडव्या पावसात, दिवाळीच्या धुरात, एवढंच काय, चाळीला रंग काढताना रंगारी खालून हात जोडत असतानासुद्धा ती खिडकी उघडीच असायची. ती परब सिस्टरची खिडकी.

सिस्टरचं नाव सुमन, पण ते रेशनकार्डापुरतं. शिवडीकडच्या एका हॉस्पिटलात छातीच्या वॉर्डात त्यांनी चौतीस वर्षं काढली. सुरुवातीला साध्या नर्स, पुढे वॉर्डाच्या इन्चार्ज. रिटायर होऊन दहा-बारा वर्षं झाली तरी छातीवर पिनेनं अडकवलेलं ते उलटं घड्याळ गेलं नाही. नवीन भाडेकरू त्यांना मावशी म्हणायला गेला, की त्या लगेच दुरुस्त करायच्या. "वॉर्डात मावशी वेगळी आणि सिस्टर वेगळी. मावशीला माझ्यापेक्षा जास्त कळतं, पण ती वेगळी." लग्न केलं नाही. का, असं विचारायची हिंमत एकदा माझ्या आईनं केली होती. सिस्टर म्हणाल्या, "अठ्ठावीस माणसं आहेत वहिनी माझ्या वॉर्डात. आणखी एक कशाला?"

त्या अठ्ठावीस जणांना नावं नव्हती, नंबर होते. "सात नंबर आज घरी गेला." "एकवीस नंबरला नात झाली, पेढे घेऊन आला होता." आम्हाला ऐकून ऐकून त्यातले काही नंबर नात्यातल्यासारखे झाले होते. नावानं का हाक मारत नाही म्हटलं तर म्हणायच्या, नाव विसरतं, खाट विसरत नाही. वॉर्डात खाटा अठ्ठावीसच होत्या. पण एखादा पेशंट असा यायचा की त्याला परत पाठवणं जिवावर यायचं. मग व्हरांड्यात एक लोखंडी खाट टाकायची. ती एकोणतीस नंबरची. कागदावर ती खाट नव्हतीच, त्यामुळे तिच्या वाट्याचं जेवण, औषध, चादर सगळं सिस्टरनं इकडून तिकडून जमवायचं. "एकोणतीस नंबरकडे दुप्पट लक्ष लागतं," त्या म्हणायच्या, आणि हे सांगताना त्यांचा चेहरा जरा मऊ व्हायचा.

बाई कानाच्या तिखट होत्या. म्हणजे किती, तर जिन्यात तुमच्यामागून येत असल्या तर मागूनच सांगायच्या, "अवि, तिसऱ्या पायरीला तोंड उघडलंस. नाकानं घे." अवि म्हणजे मी. मला लहानपणी वाटायचं यांना डोक्याच्या मागूनही दिसतं. प्रत्यक्षात त्या बघत नसायच्याच, पायऱ्या उतरता-चढताना ऐकत असायच्या. अख्ख्या चाळीतल्या छात्या त्यांना पाठ होत्या. दुसऱ्या मजल्यावरचे सावंतकाका, आमच्या चाळीचे सेक्रेटरी, विडी सोडल्याची शपथ देवापुढे घेऊन आले, तेव्हा सिस्टर नुसत्या त्यांच्याजवळून गेल्या आणि म्हणाल्या, "दोन." सावंतकाकांनी त्या दिवशी दोनच ओढल्या होत्या.

या कानाचे आमच्या घरावर फार उपकार आहेत, म्हणून ती एक गोष्ट सांगायलाच हवी.

माझे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर घरी बसले, आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात त्यांना खोकला लागला. त्याच वेळी माझ्या मोठ्या बहिणीचं लग्न जमत आलं होतं. घरात छातीचं दुखणं आहे असं कळलं असतं तर स्थळ हातचं गेलं असतं. म्हणून बाबा तोंडात टॉवेल कोंबून खोकला गिळायचे. आम्हा सगळ्यांना ते माहीत होतं आणि आम्ही कोणीच बोलत नव्हतो. एका सकाळी सिस्टर ड्युटीवर जाताना, पांढऱ्या युनिफॉर्ममध्येच, आमच्या दारात उभ्या राहिल्या. "वहिनी, भाऊंचा टॉवेल दाखवा."

आई गांगरली. "तुम्हाला खोकला ऐकू आला?"

"नाही. ऐकू येत नाही म्हणून आले. भिंत एका विटेची आहे. पंधरा दिवस हा माणूस श्वास घेतो आणि मधेच धरून ठेवतो. खोकायचा माणूस खोकत नसेल तर तो जास्त आजारी असतो." मग बाबांकडे वळून त्या म्हणाल्या, "भाऊ, खोका. लाज कसली? छाती काम करते म्हणून खोकला येतो."

बाबा खोकले. किती वेळ खोकत होते कोण जाणे. मी दाराशी पुस्तक उघडून बसलो होतो, त्यातलं एक अक्षर मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवसापासून चाळीत बातमी पसरली, की बाबांना शिवडीच्या एका गोदामात नोकरी लागली. ती बातमी सिस्टरनीच पसरवली होती. रोज सकाळी दोघं बरोबर निघायचे, एक डबा त्यांच्या हातात आणि एक बाबांच्या. सिस्टर आपल्या वॉर्डात जायच्या आणि बाबा औषधाच्या रांगेत. बहिणीचं लग्न ठरल्या मुहूर्तावर लागलं. बाबा त्यानंतर वीस-बावीस वर्षं जगले. त्यांची खाट सिस्टरनी आमच्या खिडकीला लावून घेतली होती. "छातीच्या पेशंटला औषध निम्मं आणि वारा निम्मा," हे त्यांचं मत, आणि ते त्या डोळे मिटून सांगत, जशी कोणी आरती म्हणावी. वॉर्डात त्यांनी हयातभर खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या, घरी बंद ठेवायचा प्रश्नच नव्हता.

तर अशा या सिस्टरकडे तीन-चार वर्षांपूर्वी साप आला.

त्यांच्या भावाची मुलगी मधुरा. कॉम्प्युटरवर कार्टून हलवायचं काम करते असं सिस्टर सांगायच्या. तिला कंपनीनं दोन वर्षांसाठी परदेशी पाठवलं. तिच्याकडे एक बॉल पायथन होता, आफ्रिकेकडचा छोटा अजगर. चारेक फूट लांब, अंगावर काळे-तपकिरी पट्टे, घाबरला की स्वतःचा चेंडू करून डोकं आत लपवणारा. आपल्याकडचे साप घरात ठेवणं कायद्यानं गुन्हा, पण हा बाहेरचा, आणि त्याची रीतसर नोंद केलेली होती. मधुरानं सगळीकडे विचारून पाहिलं. साप सांभाळायला कोण हो म्हणणार? शेवटी ती आत्याकडे आली.

"विषारी आहे?" सिस्टरनी विचारलं.

"नाही गं आत्या."

"कोणी ठेवून घेत नाही म्हणतेस?"

"कोणीच नाही."

"मग आण. एकोणतीस नंबर म्हणून ठेवू."

मधुरानं त्याचं नाव काहीतरी इंग्रजी ठेवलं होतं. ते त्या दिवशी संपलं.

सावंतकाका तक्रार घेऊन वर आले. "सिस्टर, चाळीत साप? बायकामुलं आहेत." सिस्टरनी त्याचे कागद त्यांच्यापुढे धरले. "याची सरकारात नोंद आहे, सावंत. तुमच्या खोलीत तो पोटभाडेकरू आहे, त्याची आहे?" काका कागद न वाचताच खाली उतरले. आमच्या घरी मात्र शुभानं, म्हणजे माझ्या बायकोनं, सिस्टरच्या फ्रिजमधला बर्फ आणणं कायमचं बंद केलं, कारण बर्फाच्या कप्प्यात आता एकोणतीस नंबरचे उंदीर असत. माझं म्हणाल तर मी गांडुळाला पाय वर घेणारा माणूस. पहिला महिनाभर मी सिस्टरशी दाराबाहेरूनच बोलत होतो.

पण त्यांनी त्याचा वॉर्ड असा काही लावला की भीती बाजूला राहून हसू यायचं. काचेची पेटी, वर दिवा, आत लपायला उलटं मातीचं भांडं, पाण्याचा वाडगा. पेटीच्या बाहेर दोऱ्यानं चार्ट बांधलेला. त्यात तीन रकाने: ताप, नाडी, श्वास. तापाच्या रकान्यात पेटीतल्या थर्मामीटरचा आकडा. नाडीच्या रकान्यात पहिल्या दिवशी लिहिलं होतं, "सापडली नाही." श्वास मात्र रोज सकाळ-संध्याकाळ, ते उलटं घड्याळ हातात धरून, त्याच्या बरगड्यांची हालचाल मोजून. "मिनिटाला चार-पाच. किती शांत पेशंट. वॉर्डात असा एक असता तर मी देवाला नारळ दिला असता."

मधुरा जाताना दोन पानी सूचना कपाटाला चिकटवून गेली होती. सिस्टरनी त्या हेडमास्तरासारख्या लाल पेननं तपासल्या. "पाणी रोज बदलणे," बरोबर. "खाल्ल्यावर दोन दिवस हात लावू नये," बरोबर. "पेटीला वारा लागू देऊ नये, खिडकी बंद ठेवणे," इथे लाल फुली आणि समासात शेरा: "चूक. हवा हवी."

तो शेरा मी वाचला होता. वाऱ्याच्या बाबतीत सिस्टरना शिकवणारा मी कोण?

उन्हाळा, पावसाळा सुखाचा गेला. डिसेंबर संपता संपता मुंबईत जी काय थंडी पडायची ती पडली. आमच्या खिडक्या पूर्वेला, शिवडीच्या खाडीकडे. पहाटेचा वारा थेट आत. एका सकाळी सिस्टर आमच्या दारात आल्या. "अवि, ये जरा. कान दे."

मी गेलो. त्यांनी मला पेटीशी बसवलं आणि काचेचं झाकण सरकवलं. खूप वेळ काही नाही. मग, बारीक, दूर कुठेतरी कुकर धरतो तशी, एक शिट्टी.

"आत घेताना शिट्टी आणि सोडताना टिक्," सिस्टर म्हणाल्या. "काल नव्हती."

त्यांनी मधुराला फोन लावला. ती म्हणाली, "आत्या, कात टाकायची वेळ आली असेल. नाकात सालपट अडकलं की असं वाजतं. दोन दिवस बघ." सिस्टरनी दोन दिवस बघितलं. कात काही निघाली नाही. उंदीर ठेवला, त्यानं तोंड लावलं नाही. शिट्टी वाढली. मग वॉर्डात जे केलं असतं तेच त्यांनी इथे केलं. पेटी उचलून खिडकीशी नेली. खिडकीच्या दोन्ही झडपा भिंतीला टेकवल्या आणि झाकण अर्धं उघडं ठेवलं. "मोकळी हवा लागू दे बिचाऱ्याला."

तिसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा एकोणतीस नंबर काचेला टेकून उभा होता. म्हणजे अर्धं अंग वर, डोकं छताकडे, तोंड किंचित उघडं. ओठांच्या कोपऱ्यात एक बुडबुडा यायचा, फुटायचा, परत यायचा. सिस्टर स्टुलावर बसून त्याच्याकडे टक लावून पाहत होत्या. हात मांडीवर. सिस्टरचे हात रिकामे मी पहिल्यांदा पाहिले.

"हा झोपत नाहीये रे," त्या म्हणाल्या. "आडवा झाला की गुदमरतोय. असे पेशंट बसून रात्र काढतात. टॅक्सी बोलव."

माटुंग्याला एक तरुण डॉक्टरीणबाई पक्षी आणि सरपटणारे प्राणी बघतात, हे मधुराच्या सूचनांत होतं. त्यांचं नाव डॉक्टर तन्वी. उशीच्या अभ्र्यात साप, अभ्रा टोपलीत, टोपली सिस्टरच्या मांडीवर. मी दुसऱ्या टोकाला, दाराला चिकटून. सिस्टरनी बसल्या बसल्या टॅक्सीच्या सगळ्या काचा खाली करायला लावल्या. टॅक्सीवाल्यानं आरशातून विचारलं, "माँजी, टोकरी में बिल्ली है क्या?"

"पेशंट है."

"कौन पेशंट?"

"तुम आगे देखो."

डॉक्टर तन्वी वयानं माझ्या मुलीएवढी. तिनं सापाला हातात घेतलं, तोंड हलकेच उघडून बघितलं, आतला चिकट कफ कापसाच्या काडीवर घेऊन तपासणीला बाजूला ठेवला. अंगाला स्टेथोस्कोप लावला. सिस्टर तिच्या प्रत्येक हालचालीकडे वॉर्डात नवीन पोरगी आल्यासारखं बघत होत्या, आणि समाधानी दिसत होत्या.

"खोलीत वारा येतो का?" डॉक्टरनी लिहिता लिहिता विचारलं.

"चोवीस तास," सिस्टर अभिमानानं म्हणाल्या. "माझी खिडकी बंद नसतेच कधी. हा आजारी पडल्यावर तर पेटीच खिडकीत नेली. मोकळी हवा लागावी म्हणून."

डॉक्टरचं पेन थांबलं. ती शहाणी मुलगी होती, तिनं आवाज चढवला नाही. "सिस्टर, याला स्वतःचं अंग स्वतः तापवता येत नाही. बाहेर जेवढी ऊब, तेवढीच याच्या आत. गार पडला की आजाराशी झगडायची ताकदच राहत नाही. माणसाच्या छातीला वारा चांगला. याला तोच बाधलाय."

सिस्टरनी एकच प्रश्न विचारला. "कफ बाहेर कसा काढतो हा? खोकतो कसा?"

"खोकता येत नाही. आपल्यासारखा खोकला सापाला नसतो. कफ आत साठत जातो, म्हणून डोकं वर धरतो, तोंड उघडतो. तुम्ही शिट्टी ऐकून आलात. लोक बहुतेक वेळा फेस दिसल्यावरही घरगुती काहीतरी करत बसतात."

सिस्टर माझ्याकडे वळल्या. "तुझ्या बाबांसारखा," त्या म्हणाल्या.

इतकी वर्षं ज्याचं नुसतं नाव काढलं तरी अंगावर काटा यायचा, त्या प्राण्याच्या पाठीवर मी तिथे, त्या टेबलाशी, पहिल्यांदा हात ठेवला. तो गार होता आणि आत काहीतरी घरघरत होतं.

वाचेल का, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाली, सांगता येत नाही, पुढचे दहा दिवस ठरवतील. दर तिसऱ्या दिवशी इंजेक्शन, रोज वाफाऱ्याच्या यंत्रातून औषध, पेटीत एका बाजूला चांगली ऊब, वाऱ्याची झुळूकही नको. पाणी किंवा औषध तोंडात ओतायचं नाही, जबरदस्तीनं खाऊ घालायचं नाही. इंजेक्शन कुठे द्यायचं हे तिनं एकदा दाखवलं, अंगाच्या पुढच्या भागात, मणक्याच्या बाजूला. दुसऱ्यांदा दाखवायची गरज पडली नाही.

परतताना टॅक्सीच्या सगळ्या काचा वर होत्या. टोपलीत टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली. सिस्टरच्या कपाळावर घाम होता. परळचा पूल आला तेव्हा त्या बोलल्या. "चौतीस वर्षं लोकांना सांगत आले, खिडकी उघडा. आणि याला मी उघड्या खिडकीत बसवून मारत होते. तेही मायेनं. पोरीनं लिहून ठेवलं होतं रे, मी त्यावर फुली मारली."

"तुम्हाला माहीत नव्हतं, सिस्टर."

"माका शिकवू नको," त्या म्हणाल्या. रागावल्या की त्या मालवणीत जायच्या. पण हा राग माझ्यावर नव्हता.

घरी पोचल्यावर त्यांनी आधी पेटी आतल्या भिंतीशी नेली. मग कपाटापुढे उभ्या राहिल्या. वॉर्डात चार्टवर चुकीची नोंद झाली तर ती खोडायची नसते. आधीचं वाचता येईल अशी एकच रेघ मारायची, बरोबर ते लिहायचं आणि खाली सही करायची. म्हणजे चूक कोणाची ते उद्याच्या ड्युटीला कळतं. सिस्टरनी आपल्या लाल शेऱ्यावर एक रेघ मारली, शेजारी लिहिलं, "मधुरा बरोबर. चूक माझी," आणि सही केली, तारखेसकट. मग त्या खिडकीशी गेल्या. झडपा इतक्या वर्षांत कधी लावल्याच नव्हत्या, त्यामुळे त्या जागच्या हलेनात. मी एक ओढली, त्यांनी एक. कडी त्यांनी स्वतः बसवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठाला सावंतकाकांनी आमचं दार ठोठावलं. "अवि, सिस्टरची खिडकी बंद हाय." मागे दुसऱ्या मजल्यावरचे चार-पाच जण, एकाच्या हातात पहार. खाली दूधवाला वर बघत उभा. सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट होती आणि कोणी ती उच्चारत नव्हतं. मी सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात सिस्टरचंच दार किलकिलं झालं. आतून भट्टीसारखी ऊब आली. सिस्टर गाऊनमध्ये, केस कपाळाला चिकटलेले, ओठांवर बोट.

"गप रवा. पेशंट झोपलोहा."

सावंतकाकांनी डोळे पुसले आणि मग, डोळे पुसताना पकडले गेल्यामुळे, पहारवाल्यावर ओरडले.

त्या दहा दिवसांत इंजेक्शनला साप धरायचं काम माझ्याकडे आलं. "धर. घट्ट नाही. बाळाला धरतोस तसं."

"बाळ एवढं लांब नसतं, सिस्टर."

"तोंड बंद. नाकानं श्वास घे. तू घाबरलास की तो घाबरतो." सुई गेलेली त्याला कळायची नाही आणि मलाही. पंख्याला बंदी होती. सिस्टर रात्रंदिवस त्या बंद खोलीत बसायच्या, पायाशी बादलीत गार पाणी घेऊन, आणि मोजत राहायच्या. शुभा दोन वेळा ताक पाठवायची. चौथ्या-पाचव्या दिवशी बुडबुडा गेला. आठव्या दिवशी तो डोकं खाली टेकवून वेटोळं करून झोपला. दहाव्या दिवशी सिस्टरनी मला बोलावलं आणि कान द्यायला सांगितलं. मी किती वेळ बसलो, मला काहीच ऐकू आलं नाही.

"काही नाही," मी म्हणालो.

"हेच ऐकायचं होतं," त्या म्हणाल्या, आणि पदर डोळ्यांना लावून भरपूर रडल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. औषध पुढेही महिनाभर चाललं, पण पंधरा दिवसांनी त्यानं उंदीर खाल्ला, त्या रात्री सिस्टरनी आम्हाला शिरा दिला.

नंतर त्यांनी एक तोड काढली. पेटी खोलीच्या डाव्या कोपऱ्यात, मधे कपाट आडवं. खिडकीची डावी झडप कायमची बंद, उजवी उघडी. उजव्या झडपेशी त्यांची खुर्ची. पत्ता सांगताना आम्ही आता म्हणू लागलो, तिसऱ्या मजल्यावर अर्धी उघडी खिडकी बघा.

फेब्रुवारीत एकदा मी कामावरून येत होतो, सिस्टर माझ्यापुढे जिना चढत होत्या. हातात भाजीची पिशवी. मी मागून ऐकलं. पहिल्यांदा वाटलं भास झाला. नंतर आठवडाभर मी मुद्दाम त्यांच्या वेळेला येत राहिलो. शेवटी बोललो. "सिस्टर, तिसऱ्या पायरीला तोंड उघडताय."

त्या कठड्याला धरून थांबल्या. "कधीपासून ऐकतोयस?"

"आठवडा झाला."

"आठवडा ऐकून गप्प राहिलास? असा पेशंट मारशील एखादा." मग हळू आवाजात म्हणाल्या, "मी महिनाभर ऐकतेय. उशाला दोन उशा घेते. म्हटलं एकोणतीस नंबरचं औषध संपू दे."

म्हणजे त्यांनीही टॉवेल कोंबला होता. मी रागावलो, खरोखरच रागावलो, आणि त्यांच्यावर आवाज चढवला. माझ्या बाबांना तुम्ही काय सांगितलं होतं, असं विचारलं. त्यांनी ऐकून घेतलं. छातीच्या वॉर्डात आयुष्य काढलेल्या बाईचं दुखणं हृदयाचं निघालं. औषधं सुरू झाली, काही महिने बरे गेले. मधुराला कळवलं, तिनं परत यायचं ठरवलं. पुढे ती आली आणि एकोणतीस नंबरला घेऊन गेली. तो आता तिच्याकडे ठणठणीत आहे. पेटीला चार्ट अजून बांधलेला असतो, नाडीच्या रकान्यात पहिल्या दिवसानंतर काही नाही. पण ते सगळं नंतरचं.

सिस्टर गेल्या त्याच्या आधीची ती सकाळ. दिवाळीनंतरचा गारवा नुकताच सुरू झाला होता. त्यांना आडवं पडवेना. हॉस्पिटलात न्यायचं ठरलं. लिफ्ट नाही, म्हणून आम्ही त्यांना त्यांच्याच खुर्चीत बसवून उचललं, पुढे मी आणि सावंतकाका, मागे दोघं. त्या ताठ बसून होत्या, घड्याळ छातीवर. उतरताना आम्हा चौघांचा श्वास लागला होता आणि त्यांना बोलवत नव्हतं, तरी सावंतकाकांकडे बघून त्यांनी दोन बोटं वर केली. काकांनी मान खाली घातली.

खाली ॲम्ब्युलन्समध्ये चढवताना त्यांनी माझी बाही पकडली. "खिडकी," एवढंच म्हणाल्या.

धावपळीत कोणीतरी, सिस्टरना गुदमरतंय म्हणून, दोन्ही झडपा उघडल्या होत्या. मी तीन मजले धावत वर गेलो. पेटीतला एकोणतीस नंबर भांड्याखाली जाऊन बसला होता. शिवडीचा वारा कपाटाच्या कडेनं त्याच्यावर येत होता. मी डावी झडप ओढली, कडी लावली, काचेला कान लावून थोडा वेळ ऐकलं. काही नाही. मग उजव्या झडपेतून खाली बघितलं.

गाडीचं दार अजून उघडं होतं. सिस्टर दाराबाहेरच, त्यांच्या खुर्चीत होत्या, तोंडाला मास्क लावलेला, आणि मान वर करून आपल्या खिडकीकडे बघत होत्या. मी हातानं विचारलं, बरोबर? त्यांनी डावी बंद आहे ते बघितलं, उजवी उघडी आहे ते बघितलं. मग माझ्याकडे बोट दाखवून आपल्या मास्कवरून ओठांवर बोट ठेवलं. मी तोंड बंद केलं आणि नाकानं श्वास घेतला. तो आत गेलेला पाहिल्यावर त्यांनी ड्रायव्हरला हात केला, चला म्हणून.